मुंजीचे धोतर आणि ब्लीच

श्रीगजाननास वंदन करून नातवाच्या मुंजीची एक आठवण सांगतो. मुंज इंदापुरात होती. आदल्या सकाळी माझ्या ठेवणीतल्या सुती धोतरावरचा हळदीचा डाग घालवण्यासाठी मी ते निखळ ब्लीचमध्ये बुडवले आणि जपाला बसलो. जप संपेपर्यंत बोलायचे नाही, हा माझा नेम.

"अहो, धोतर काढू का?" पत्नीने विचारले. मी हातानेच 'थांब' म्हटले.

जपानंतर धोतर पिळले, तोच ते टरकन फाटले.

बारामतीला रसायनशास्त्र शिकवणारी सून हसली. "बाबा, कापसाचा तंतू म्हणजे सेल्युलोजच्या लांब साखळ्या. ब्लीचने त्याच तोडल्या. हळद तर नुसत्या उन्हानेही उडाली असती!"

"मग उद्या मी नेसू काय?"

"माझी नऊवारी आहे की," पत्नी म्हणाली.

अखेर व्याह्यांचे आखूड धोतर नेसून, पोटऱ्या मिरवीत, मी बटूला आशीर्वाद दिला. वाचकहो, आपल्या घरीही अशीच मंगलकार्ये घडोत आणि सर्वांची वस्त्रे धडधाकट राहोत.