आमचे आमदार मिस्त्री

आमचे मामंजी घरातसुद्धा ओरडून बोलत. मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटे, भांडण लागलं. परभणीच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर म्हणून उमर गेली, त्या खडखडाटात कान मंद झाले होते. निजामाचं राज्य गेल्यावर त्यांनी मजुरांची युनियन उभी केली, नगरपालिकेत निवडून आले, मग हैदराबादच्या विधानसभेत. तिथंही असंच ओरडत म्हणे. आमदार झाले तरी गावाला ते मिस्त्रीच.

"पट्टा कुणाची जात बघत न्हाई," असं ते नेहमी म्हणत. यंत्र फिरवणारा चामड्याचा पट्टा उघडाच असे आणि त्याला खेटून बायका सरकी उचलत. पट्ट्याला जाळी बसवा, एवढ्या मागणीसाठी त्यांनी ऐन हंगामात संप केला. संप लांबला. आमच्या चुलीवरही नुसत्या कण्या शिजू लागल्या. वस्तीतलं एक तान्हं मूल आईला दूध नाही म्हणून गेलं, तेव्हा मात्र मामंजी मालकाकडे गेले. परत येऊन फाटकावर म्हणाले, "जाळी बसवायची जबान दिली हाय मालकानं. उद्यापासून कामावर चला."

ताडकळसहून लग्न होऊन आलेली गंगा पुढेच उभी होती. "मिस्त्री, जाळीबिगर?"

"मी हाय ना!"

जाळी आली नाही. मामंजी अधिवेशनाला गेलेले असताना गंगाचा पदर पट्ट्यात गेला आणि ती जागीच गेली.

परतले ते थेट तिच्या घरी. सासूबाई आणि मी मागोमाग गेलो. गंगाचा नवरा मारोती दारात बसून होता. वर न बघता म्हणाला, "ती कामावर जायची नव्हती. तुमी म्हणलात म्हणून गेली."

मामंजी तसेच मागे फिरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुने खाकी कपडे चढवले, हत्यारांची पेटी उचलली आणि जिनिंगमध्ये जाऊन, पट्टा थांबवून, स्वतः जाळी ठोकली. मालक आडवा आला नाही. घरी येऊन ताटावर बसले, घास काही उचलला नाही.

"हे आधीच करायचं होतं, सूनबाई," ते म्हणाले. "हत्यारं घरातच होती."

पुढेही ते निवडून येत राहिले. राज्य बदललं, हैदराबादऐवजी मुंबईला जाऊ लागले. मारोतीच्या दारावरून जाताना थांबून रामराम घालत, तो मान फिरवी. एकदा मी म्हटलं, "कशाला थांबता, मामंजी?"

"मान फिरवायचा त्येचा हक हाय. मी थांबलो न्हाई तर तो फिरवंल कशी?"

कापसाच्या धुळीनं छाती पोखरली होती, त्यातच ते गेले. सगळी जिनिंग दारात लोटली. तिरडी बांधून झाली आणि पाळीचा भोंगा वाजला. मालकानं सुटी दिली नव्हती. माणसं चुळबुळली, मग एकेक जण पाया पडून फाटकाकडे निघाला. दिवसाचा रोज बुडवणं कुणालाच परवडत नव्हतं.

मारोती गेला नाही. पुढे येऊन त्यानं खांदा दिला आणि मसणवट्यापर्यंत कुणाला बदलू दिला नाही.