तेलाची चिंधी

वहिनी लाकडाला पॉलिश करायच्या, आणि त्यांच्या तोंडाला सगळी गल्ली भ्यायची. "तेलाची चिंधी चुरगळून टाकायची नाही! आतल्या आत तापते नि पेट घेते. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवा," हे त्यांनी दिसेल त्याला ऐकवलेलं. आणि चूक केली ती त्यांनीच.

कपाट नणंदेचं होतं, खणांचं, वर आरसा असलेलं. वहिनींनी ते घासून मूळ लाकूड काढलं, अळशीचं तेल चोळलं. पितळी कड्या उतरवून उजळल्या. एक तुटकी निघाली.

"सगळ्या नव्याच घालू या का, वन्सं?"

"आईच्या आहेत त्या. जुळती शोध. एवढं तरी जमेल ना?"

वहिनींचं डोकं फिरलं. हातातल्या चिंध्यांचा बोळा खालच्या खणात कोंबला, खण आपटला नि त्या बाहेर पडल्या. वन्संनी कानातलं यंत्र काढलं आणि कपाटाशेजारच्या पलंगावर आडव्या झाल्या.

जुन्या कड्यांच्या दुकानात दुकानदार डबे उपसत होता. वहिनींनी नाक खाजवलं; बोटांना तेलाचा वास. तो बोळा खणातच राहिला होता! फोन लावला, वाजत राहिला. तो ऐकणार कोण?

"सापडली बघा, अगदी जुळी!" दुकानदार म्हणाला तेव्हा वहिनी रस्त्यावर होत्या, चपला हातात घेऊन धावत. 'सुटेल का ही बया एकदाची' असं मनात किती वेळा आलं होतं! आता ते एकेक आठवत होतं.

कुलपात किल्ली जाईना. दार उघडलं तर खोलीत करपट वास, आणि कडीच्या रिकाम्या भोकांतून धुराची बारीक रेघ. वन्संची छाती हलते आहे की नाही, बघायला धीर होईना. खण ओढायचा तर धरायचं काय? नखं मोडली. शेवटी त्यांनी पटाशी घातली, नुकत्याच घासलेल्या लाकडाचा टवका उडाला, आणि काळा पडलेला बोळा बादलीत चर्रकन विझला.

अंगावर पाणी उडालं तशा वन्सं उठल्या. कानात यंत्र घातलं, जळका खण पाहिला, वहिनींचं तोंड पाहिलं.

"कडी मिळाली?"

"दुकानातच राहिली."

"मग जा, आण."

"आज मी तुम्हाला सोडून कुठ्ठे जाणार नाही."

वन्संनी तोंडावरचं पाणी पुसलं. "बरं बाई. मग चहा तरी टाक."

वहिनींनी हात हुंगले. "गॅस तुम्ही पेटवा."