मावशींच्या तीन सुतळ्या

गाठीवाल्या मावशींचा कॅलेंडरवर विश्वास नव्हता. "त्याला रोप उगवलेलं कुठं कळतंय?" म्हणायच्या. त्यांच्या दाराला मोहरीच्या तीन वाणांच्या तीन सुतळ्या टांगलेल्या असत. रोप वर आलं की रोज एक गाठ, फूल दिसलं की लाल चिंधी, शेंग पिकली की सुतळी बंद.

केजजवळच्या आमच्या तेलबिया सोसायटीचा मी नवाकोरा सचिव. पावसानं दगा दिलेला. पुढच्या रब्बीला सगळ्या सभासदांना एकाच वाणाचं बियाणं द्यायचं होतं. ते चुकलं तर गावाचा हंगाम गेला. म्हणून लवकर येणारा हळवा, मधला निमगरवा आणि उशिरा येणारा गरवा, तिन्ही मावशींच्या रानात पेरून पाहायचे ठरले. "पाणी कुणालाच न्हाई. नुसत्या ओलीवर जो भरंल तो आपला," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं.

मी शहाणा मात्र गरव्याची शिफारस आधीच करून बसलो होतो. त्यानं माना टाकल्या तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. एका बाजाराच्या दिवशी मावशी गावात नाहीत असं पाहून मी गरव्याच्या ओळींना चार घागरी पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी मावशींनी तिथली माती चिमटीत धरली, माझ्याकडं पाहिलं आणि गरव्याच्या सुतळीला गाठ मारायचं थांबवलं.

मळणीनंतर सभा भरली. चेअरमननी विचारलं, "गरव्याची सुतळी अर्धीच कावून?" मावशी पदर सावरत उठल्या. "माझ्याच हातानं पाणी गेलं त्या वळींत. त्याचं माप धरू नका." चेअरमन त्यांच्यावर लई करवादले. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या आणि मी गप्प बसलो. उरलेल्या दोन वाणांत हळव्याचं बी जास्त भरलं, तोच ठरला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मावशी, माझं पाप तुम्ही का घेतलंत?"

"तुमी नवे. सचिवावरचा इस्वास उडला, तर तुमी दिलेलं खरं बियाणं तरी कोण पेरंल?"

पुढच्या वर्षीही पाऊस रुसला. ओल संपायच्या आत हळव्याच्या शेंगा टच्च भरल्या. त्या साली सभेत उभं राहून मी सगळं कबूल केलं. मावशी तेवढ्या चिडल्या. "सांगायचंच हुतं, तर वरीस कावून लावलं?"

त्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. नोकरी संपेपर्यंत, त्यांच्याकडून मागून घेतलेली ती अर्धी सुतळी माझ्या खुर्चीसमोर टांगलेली होती. मी माणूस म्हणून थोडाफार बरा निघालो, तो तिच्या पुढच्या गाठी, खरं वागलेल्या दर दिवसाला एक, मीच मारायच्या ठरवल्या म्हणून.