गाण्याच्या डिग्रीतली गोम

चहाचा ग्लास ओठांपर्यंत नेऊन मास्तर थांबायचे. डावा डोळा बारीक करायचे, मागे कुणी ऐकत नाही ना ते पाहायचे आणि म्हणायचे, "यात गोम हाय, शेठ." मग चहा प्यायचे. त्यांना चहातही गोम वाटत असणार, पण तो मी पाजत असल्यामुळे ते सोडून देत.

कर्जतच्या बाजारात माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. खालापूरकडच्या एका गावात मास्तरांची बेंजो पार्टी होती. हळद असो, वरात असो, त्यांचा टेंपो दिसला की बायकासुद्धा पदर खोचायच्या. मधोमध बेंजोवर मास्तर, शेजारी कीबोर्डवाला, मागे ढोलताशे, आणि सगळ्यांचे आवाज कमीजास्त करायच्या मिक्सरवर त्यांची बारावी झालेली मुलगी. पार्टीच्या फ्लेक्ससाठी ते माझ्याकडे यायचे आणि स्वतःचा फोटो कीबोर्डवाल्यापेक्षा बारीक तर नाही ना, हे वितीने मोजून जायचे.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. एकदा पळसदरीच्या एका फार्महाउसवर मुंबईच्या पाहुण्यांनी यांचं वाजवणं ऐकून उभं राहून टाळ्या वाजवल्या. मास्तर दोन दिवस अस्वस्थ. त्यांचं म्हणणं, आपली माणसं गाणं आवडलं की नाचतात, टाळ्या कशाला वाजवतील? दोन पोरं कोपऱ्यात बोलताना दिसली की ती आपल्याबद्दलच बोलतायत असं त्यांना वाटे. अलीकडे तर हे फारच वाढलं होतं. मी म्हणायचो, मास्तर, जगाला तेवढा वेळ नाही हो. त्यांना ते पटायचं नाही.

अशा माणसाच्या मुलीने एक दिवस घरात सांगितलं, की मुंबईच्या बाजूला एका कॉलेजात गाण्याची डिग्री मिळते. शास्त्रीय नाही, आपली लोक ऐकतात ती गाणी. तीन वर्षं गाणं रचायचं, रेकॉर्डिंग करायचं, स्टेजचा आवाज सांभाळायचा, यातच पुढे नोकरीधंदा करायचा. तिची निवडही झाली होती. म्हणजे तिने दुसऱ्याच्या मोबाइलवरून आधीच सगळं केलं होतं. झालं, मास्तरांच्या संशयाला आयतं कुरण मिळालं.

ते तडक दुकानात आले. नाचायच्या गाण्याला कसली डिग्री? रसायनीच्या दुसऱ्या पार्टीने पोरीला फोडली असेल. नाहीतर कुणी पोरगा असेल. नाहीतर पोरीला बापाच्या धंद्याची लाज वाटत असेल. हे शेवटचं बोलताना त्यांचा आवाज उतरला. "ती काय तरी लपवतेय माझ्यापास्नं," ते म्हणाले. "मिक्सरवर बसते तवा माझ्याकडं बघत नाय."

खरं सांगायचं तर यावेळी मलाही शंका आली. निवड होऊनही मुलगी काही खूश दिसत नव्हती. कॉलेजला कळवायची मुदत संपत आली तरी तिने होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. शेवटी आम्ही तिघं त्यांच्याच टेंपोतून कॉलेज बघायला गेलो.

तिथल्या एका बाईंनी आम्हाला सगळं फिरून दाखवलं. एका खोलीच्या काचेच्या दारापलीकडे मुलं वाजवत होती. ड्रम, गिटार, एक मुलगी गात होती. दार बंद होतं, तरी ड्रमचा ठोका आणि गाण्याची चाल मला नीट कळत होती. मास्तरांनी काचेला नाक लावलं आणि माझ्या कानात म्हणाले, "बघ शेठ. नुसती बोटं हालवतात. आपल्याला दाखवाया बसवलीत."

मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसलो. तेवढ्यात बाईंनी दार उघडलं आणि गाणं भसकन बाहेर आलं. मास्तरांनी मान डोलावली. "हां. आता वाजवाया लागली."

माझं हसू तिथंच विरलं. बाईंच्याही ते ध्यानात आलं. त्यांच्याजवळ येऊन त्या म्हणाल्या, वर्षानुवर्षं स्पीकरजवळ उभं राहिलं की कान जातात, आम्ही मुलांना पहिल्याच वर्षी कान जपायला शिकवतो. मुलगी खाली बघत होती. तिला हे नवीन नव्हतं.

परतताना चौक गावाच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो. मास्तरांनी ग्लास हातात घेतलाच नाही. पोरीकडे बघत म्हणाले, "मिक्सरवर माझं बटन कुठं असतं गं?"

तिने आपला ग्लास खाली ठेवला. मग त्यांच्या समोर येऊन, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खाली असतं, बाबा, आवाज बारीक करून. तार उतरलेली तुमाला कळत नाय. मी कीबोर्ड वर ठेवते. तो तीच चाल वाजवतो."

"पार्टीतल्या समद्यांना ठावं हाय?"

"हाय. मीच सांगितलं, कुनी बोलायचं नाय म्हनून."

म्हणजे लोक त्यांच्यामागे कुजबुजत होते, हे खरंच होतं. मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली. मग मास्तरांनी विचारलं, कॉलेजला हो का म्हणत नायस? ती रडायला लागली. "मी गेल्यावर मिक्सरवर कोन बसंल? तुमचं बटन वर केलं तर लोक हसतील ना."

मला या माणसाची आणि या पोरीची त्या क्षणी इतकी माया आली, की मी उगाच टेंपोचे टायर बघत बसलो.

"आता मला कळलंय," मास्तर म्हणाले. "आता कुनापास्नं झाकायचं? तू जा."

त्यानंतर त्यांनी बेंजो वाजवला नाही. पार्टी कीबोर्डवाल्याने सांभाळली. दिवाळीनंतरच्या एका वरातीत मी त्यांना पाहिलं. मुलगी सुट्टीला आली होती आणि मिक्सरवर बसली होती. ऐन जवानीपासून हा माणूस प्रत्येक लग्नात वाजवत उभा राहिला होता, नाचायला त्याचे हात कधी मोकळेच नव्हते. आज ते वरातीत पोरांच्या घोळक्यात शिरले होते. ठेका चुकू नये म्हणून सगळ्यांच्या पायांकडे बघत बघत मास्तर नाचत होते.