मर्व्हचे निळे पट्टे

"सही कर नोलीन, उगीच भाव खाऊ नकोस."

"आधी तारीख वाच."

"तारीख दुधाच्या बाटलीवर बघायची असते. हा पट्टा आहे. आंबतो काय?"

"आंबतो. फक्त वास येत नाही."

नोलीन ट्रेझाइज आमच्या क्लबची तपासनीस. शर्यतीच्या सकाळी पत्र्याच्या शेडमध्ये टेबल टाकून बसते. तिच्या सहीशिवाय एकही गाडी ट्रॅकवर जात नाही. वय अडुसष्ट. त्यातली एकतीस वर्षं ट्रकवरच्या ताडपत्र्या आणि माल आवळायचे पट्टे शिवण्यात गेली. त्यामुळे पट्टा हातात आला की ती आधी टाका बघते, मग माणसाचं तोंड.

समोर मर्व्ह लिंडनर, उघड्या टपाच्या गाडीच्या सीटबेल्टचे दोन्ही निळे खांदापट्टे सोडवून छातीशी धरलेला. त्यांची मुदत संपून चार वर्षं झाली होती. पण आजचा दिवस त्याला हवाच होता. ट्रॅकची जमीन सौरविजेवाल्यांना विकली गेलीय, उद्यापासून कुंपण. इथल्या पहिल्या शर्यतीत मर्व्ह धावला होता, शेवटच्या शर्यतीतही धावायचं होतं. नवे पट्टे मिळतात ते दूर ॲडलेड शहरात, आणि आज रविवार, दुकानं बंद. दोघांनी आपले जादाचे देऊ केले, ते त्याच्या गाडीच्या जुन्या खुंट्यांना बसेनात.

आमच्याकडे नापास पट्टा तिथल्या तिथे कापतात, म्हणजे तो गुपचूप परत गाडीत चढत नाही. तुकडे कुत्र्यांच्या गळ्यात जातात. मर्व्हने नेमकं तेच काढलं. म्हणाला, तुझी टिली कुत्री आठ वर्षं माझ्याच जुन्या पट्ट्याला हिसडे देतेय, तुटला का कधी? नोलीन म्हणाली, टिली ताशी दीडशेने भिंतीवर जात नाही.

तरी तिने कात्री उचलली नाही. कारण तिलाही एक खाज आहे. कापलेल्यातले काही तुकडे ती आपल्या जुन्या कारखान्यात नेते. तिथे पट्टे तुटेपर्यंत ओढून बघायचा यंत्राचा बाक अजून चालू आहे. कुठला किती ताणाला तुटला, ते वहीत लिहिते. बारा वर्षं झाली. काही म्हातारे पट्टे नव्याच्या तोडीस उतरतात, काही सुतळीसारखे जातात. का, ते तिला पुरतं उलगडलेलं नाही.

मर्व्हला हे ठाऊक होतं. "दोन्ही पट्ट्यांची शेपटं हातभर जास्तीची आहेत," तो म्हणाला. "तेवढी कापून ओढ. टिकली तर सही."

नियमात हे कुठेच बसत नव्हतं. "बघू," म्हणत नोलीनने कारखान्याची किल्ली आणि कात्री घेतली.

कारखाना दोन मिनिटांवर, गव्हाच्या कोठारांमागे. डावं शेपूट बाकाला लागलं. ताणाचा काटा चढत गेला. मर्व्ह हातातलं सँडविच खायचं विसरला. काटा नव्या पट्ट्याच्या खुणेपाशी पोचला तेव्हा कुठे धागे कुरकुरले आणि शेपूट तुटलं.

"चार वर्षं शिळा म्हणे," मर्व्ह म्हणाला.

नोलीनने पेन्सिलने वहीत आकडा लिहिला. दोनदा वाचला. मग तिचा हात कॉलरला अडकवलेल्या सहीच्या पेनाकडे गेला आणि टोपणही निघालं. मर्व्हने तपासणीचा कागद पुढे सरकवला.

"उजवं राहिलंय," ती म्हणाली.

"एकाच ताग्यातलं, एकाच दिवशी शिवलेलं. तूच टाका बघितलास."

"बघितला. म्हणून तर."

उजवं काटा अर्ध्यावर पोचायच्या आतच तुटलं. आवाजसुद्धा फारसा झाला नाही.

दोघं वाकून बघत राहिले. रंग तोच, टाका तोच. नोलीनने दोन्ही टोकं नाकाजवळ धरली, नखाने उसवली. मग विचारलं की गाडी कुठे उभी करतोस. पडवीत, मर्व्ह म्हणाला, छताखाली, एक थेंब पावसाचा लागत नाही.

"तोंड कुठे?"

"दक्षिणेला."

"म्हणजे उजवी बाजू मावळतीला."

रोज संध्याकाळी पडवीत तिरपं ऊन शिरतं आणि एकट्या उजव्या पट्ट्याचे धागे खातं. नोलीन ते लिहून घेत होती, भरभर, बारा वर्षांचं काहीतरी हाती लागल्यासारखं. लिहिता लिहिता थांबली. सहीच्या पेनाला टोपण लावलं.

"मर्व्ह, सकाळी दोन्ही तुझ्या हातात होते. माझ्याही होते. यातला कच्चा कुठला, आपल्याला कळलं असतं?"

मर्व्हने उरलेले पट्टे उचलले, नीट घडी घालून तिच्यापुढे ठेवले, वर तिचीच कात्री ठेवली. मग टोपी डोक्यावर ओढली आणि दारातून उन्हात निघून गेला.