वैनींच्या मापाचा ट्रेलर

माझी शेवटची पोस्टिंग जैसलमेरच्या पुढं वाळूत होती. मी नायक, ड्रायव्हर. सप्लाय कंपनीत पाण्याची गाडी माझ्या ताब्यात. पहाटे टाकी भरायची, टायरची हवा उतरवायची, गाडी वाळूत घालायची, पुढच्या चौक्यांना पाणी द्यायचं आणि परत यायचं. रोज हेच. लोक विचारतात, तात्या, दुश्मन किती मारले? एकही नाही. मी पाणी पोचवलं. माझं शिक्षण सातवी नापास, पण माझी गाडी आली नाही म्हणून कुठली चौकी तहानलेली राहिली नाही. हे मी ताठ मानेनं सांगतो, आणि कुणाला पटलं नाही तर दोनदा सांगतो.

माझा को-ड्रायव्हर लान्स नायक भूपाल पाटील. मिरज तालुक्यातला, पार कर्नाटकच्या शिवेवरचा. जैन घरातला, शेतकरी. मी कोरेगावकडचा. दोघांचं बोलणं जुळायचं म्हणून सुभेदार साहेबांनी एका गाडीवर घातलं.

मे महिन्यातली गोष्ट. पाणी देऊन परत येताना दिवस मावळल्यावर आंधी आली. आंधी म्हणजे वाळूची भिंत चालत येते. काचेतून आपलंच बोनेट दिसेना. भूपाल म्हणाला, "ट्रॅक कुठं हाय बगून येतो. तू गाडी हलवू नको." दार उघडून उतरला.

बराच वेळ झाला तरी आला नाही. मी वायरलेस सेटवर कळवलं.

"आंधी है. गाडी रुकी है. एक जवान नीचे उतरा है, वापस नहीं आया. ओवर."

"गाडी मत छोडो. लाइट जलाओ, हॉर्न देते रहो. आउट."

मी हॉर्न देत राहिलो. पहाटे आंधी बसली. भूपाल गाडीपासून हाकेच्या अंतरावर सापडला, एका खेजडीच्या बुंध्याशी. खेजडी म्हणजे आपली शमी. त्याच्यात जीव नव्हता.

सेक्शननं त्या झाडाखाली सिमेंटचा एक बुटका चौथरा बांधला. गावी पेटी गेली. जागा तिथंच राहिली.

रिटायर झाल्यापासून दर उन्हाळ्यात मी भूपालच्या घरी जातो. त्याची बायको पद्मा, आमच्या वैनी. त्यांना कोरेगावचा वाघ्या घेवडा नेतो, चहा पितो, परत येतो. भूपालचं नाव फारसं निघत नाही. वैनींनी एकटीनं ऊस केला, मुलगा शिकवला. आता साठी उलटली, गुडघे गेलेत. जमिनीवर बसता येत नाही, बसल्या तर उठता येत नाही. गेल्या खेपेला चहाचा कप माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "भावजी, मला ती जागा दावा."

मी म्हणालो, "जाऊ की. नारळ ठेवू, सॅल्यूट मारू, फिरू माघारी."

"नारळ तुमी ठेवा. मला तितं सैपाक करून जेवायचंय. दिवस मावळायच्या आत."

मला कळेना. म्हणालो, "भूपालला ताट वाढायचंय व्हय?"

"आमच्यात तसलं काय नसतंय. मीच जेवणार." मग म्हणाल्या, "रोज दिवस असताना ताट घिऊन बसते बगा. तवा रोज वाटतंय, ह्या टायमाला तितं कसं दिसत असंल. लय ताण दिला तरी डोळ्याम्होरं येत न्हाई. एवढंच हाय."

फौजेत हुकूम कशासाठी आहे हे विचारत नाहीत. मी म्हणालो, "हुईल."

वैनींचा मुलगा पुण्याला असतो. तो म्हणाला, काका, चांगलं हॉटेल बघतो, सकाळी जाऊन दुपारी परत. पण त्या हॉटेलातून ती जागा अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, आणि वैनींना पाहिजे संध्याकाळ. म्हणजे मुक्काम आला. तंबूत जमिनीवर झोपणं त्यांना जमणार नाही. पाणी गाळलेलं पाहिजे, स्वयंपाक स्वतःच्या हातचा पाहिजे, तोही उभ्यानं. मी ठरवलं, ट्रेलर बनवायचा. जीपमागं ओढायचा, वाळूत चालणारा, आत पलंग, मागं ओटा. पोरगा चांगला. त्यानं आपली फोर-बाय-फोर जीपच माझ्या हवाली केली.

टेप घेऊन मी वैनींच्या घरी गेलो आणि सरळ स्वयंपाकघरात शिरलो. ओट्याची उंची मोजली. पलंगाची मोजली. उंबऱ्याची पायरीसुद्धा मोजली.

वैनी दारात उभ्या. "काय भावजी, घर इकायला काढलंय का काय?"

"तुमचा ओटा राजस्थानला न्यायचाय," मी म्हणालो.

कराडजवळ बजरंग नावाचा मिस्त्री आहे. ऊस वाहायच्या ट्रॉल्या बनवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. कारखान्याचा पट्टा पडला, सीझन संपला, तेव्हा त्याला वेळ झाला. मी सांगितलं, जीपच्या दोन चाकांत जेवढं अंतर, तेवढंच ट्रेलरच्या चाकांत पाहिजे. वाळूत पुढच्या चाकानं केलेल्या चाकोरीतच मागचं चाक पडलं पाहिजे, नाहीतर इंजिन रडतं. चाकंसुद्धा जीपचीच, म्हणजे एक स्टेपनी दोन्हीला चालते. एवढं त्यानं बरोबर केलं. बाकी सगळं मात्र त्याच्या हातानं त्याला न विचारता केलं. जाड चॅनेलची चौकट, स्प्रिंगला पाट्यावर पाटे, मागं ट्रॉलीसारखा खाली पाडता येणारा लोखंडी फाळका.

"तात्या, ईस टन घाला. वाकला तर नाव बदला," बजरंग म्हणाला.

"अरं बजरंग, पिठाचा डबा आन् एक म्हातारी न्यायचीय. ऊस न्हाई भरायचा."

"असूदे की. मजबूत असल्यालं काय वाईट हाय?"

मलाही मनातनं तो बघून बरंच वाटलं होतं. दणकट वस्तू आमच्या भागातल्या माणसाला आवडतेच.

ट्रायलला म्हसवडला नेला. माणगंगेच्या कोरड्या पात्रात वाळू भरपूर. जीप गेली, ट्रेलर दहा पावलांत एक्सलपर्यंत बसला. काठावर एक मेंढरंवाला काठीवर हनुवटी टेकून बघत होता.

"आवं फौजी," त्यानं हाक मारली, "आत काय देऊळ बांधलंय काय?"

त्याच्याच चार माणसांनी ढकलून बाहेर काढला. कराडला पोचल्यावर बजरंगनं गॅस कटर पेटवला आणि म्हणाला, "तुमी चा पिऊन या तात्या, मला हे कापताना बगू नगा." चॅनेल गेलं, चौकोनी पाइप आला. निम्मे पाटे काढले. पत्रा पातळ लावला. फाळका तेवढा राहिला, कारण पाडला की तोच ओटा व्हायचा, वैनींच्या घरातल्याच उंचीचा. पाण्याची टाकी खाली एक्सलवर घेतली, नळाला गाळायचं फडकं बांधायची कडी केली. धूळ आत जाऊ नये म्हणून दारांना ट्रकचं जुनं रबर लावलं. दुसऱ्या खेपेला म्हसवडच्या वाळूत ट्रेलर जीपमागं शेरडासारखा चालला.

मार्च महिन्यात आम्ही निघालो. मी, वैनी आणि माझी मालकीण शालन. शालननं सगळा जन्म आमच्या घरच्या ट्रॉलीत ऊस भरला. राजस्थान बघायला मिळतंय म्हटल्यावर तिनं डोक्याला नवा रुमाल घेतला. वाटेत दोघींनी माझी एकही बढाई खपवून घेतली नाही. मी म्हणायचो, हितं मी अशी गाडी काढली, तितं तशी काढली. शालन म्हणायची, "वैनी, ह्येंचं ऐकून ऐकून वाळवंटाला पाझर फुटंल."

शेवटचा डांबरी रस्ता सोडला तेव्हा दुपार होती. टायरची हवा उतरवली. सेकंड गिअर, एकसारखी चाल, मध्ये थांबायचं नाही. हात अजून विसरले नव्हते. जागा दोनेक किलोमीटरवर आली असताना एका खळग्यात ट्रेलर आपटला आणि जीप एकदम जड झाली. उतरून बघितलं. डाव्या पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला होता. एक्सल मागं सरकला होता, चाक पत्र्याला घासत होतं.

नवा बोल्ट डब्यात होता. पण वाळूत फळी टाकून जॅक लावायचा, एक्सल ओढून जागेवर आणायचा, म्हणजे दोन तास तरी. मी घड्याळ बघितलं. वैनी सूर्याकडं बघत होत्या.

मी बाह्या वर केल्या. "हुईल. बसा तुमी."

शालन म्हणाली, "आवं, तवर दिवस जाईल."

"जाऊ दे. उद्या जाऊ तितं."

"उद्या तरी सांजच्या आत पोचलो म्हंजे झालं. आन् बोल्ट न्हाई बसला तर?"

"शालन, वाळूत गाडी सोडायची नसती. पाणी हितं, जेवण हितं, झोपायचं हितं. मी गाडी सोडणार न्हाई."

माझा आवाज चढला होता. तिथं वारं होतं, लांबवर थोडी वाळू उडत होती, आणि मला ते आवडत नव्हतं.

वैनी हळूच म्हणाल्या, "भावजी, जीप नेऊया की. जीप बी गाडीच हाय."

मी काही बोलायच्या आत शालननं फाळक्याच्या दोन्ही खिट्ट्या काढल्या होत्या. "ह्याला काय लागतंय, ट्रॉलीचाच हाय. उचला म्हंजे निघतोय. उचलताय का मी उचलू?"

आम्ही दोघांनी फाळका उचलून जीपच्या टपावर बांधला. शेगडी, तवा, परात, पाण्याचा एक कॅन घेतला. ट्रेलरचा हूक सोडला. शालननं आपलं लाल लुगडं काठीला बांधून त्याच्यावर उभं केलं, लांबून दिसावं म्हणून. मी दोनदा मागं वळून बघितलं आणि क्लच सोडला.

झाड सापडलं. आता मोठं झालं होतं. चौथरा दिसेना. मी बुंध्याशी गुडघे टेकून हातानं वाळू ओढली, तेव्हा कोपरा लागला. मग शालन आली, तिनं परातीनं वाळू उपसली. चौथरा धड होता. वैनींनी वाकायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग चप्पल काढून एक पाय त्याच्यावर नुसता टेकवला, आणि काढून घेतला.

"चला," त्या म्हणाल्या, "पीठ काढा."

जीपच्या बोनेटवर फाळका आडवा टाकला, तर ओटा वैनींच्या छातीला लागायला लागला. मी घरचं माप इतकं जपून आणलेलं, आणि आता हे. जॅकची फळी वाळूत रोवून तिच्यावर वैनींना उभं केलं. शेगडी वाऱ्यानं विझायला लागली तेव्हा मी आणि शालननं घोंगडं धरून आडोसा केला. वैनींनी पाणी फडक्यातनं गाळून घेतलं. बेसन ढवळून पिठलं केलं, भाकरी थापायला घेतल्या. भाकरी थापल्याचा आवाज त्या जागेत पहिल्यांदाच होत असेल.

वैनी पाण्याच्या कॅनवर बसून जेवल्या. आम्ही दोघं खाली. भाकरीत वाळू करकरत होती. वैनी एक घास घ्यायच्या आणि बघायच्या. झाड, मग लांबपर्यंत पिवळ्याच्या तांबड्या होत चाललेल्या टेकड्या, मग दुसरा घास. सूर्य खाली आला होता, पण होता.

मग त्यांनी विचारलं.

"भावजी, त्या दिवशी ह्यांचं जेवान झालं हुतं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. साहेबांनी विचारलं किती वाजता उतरला. फौजेच्या चौकशी कोर्टात विचारलं कुठल्या बाजूला उतरला. मी म्हणालो, "व्हय. चौकीवर लंगरवाल्यानं त्याच्यापुरत्या रोट्या आधीच लाटून दिल्या हुत्या. दिवस चांगला वर असताना जेवला. सुट्टीवरनं तुमच्या हातची चटणी आणली हुती, तिच्यासंगं."

"कसली चटणी?"

"काळी. कारळ्याची. मला एक बोट दिली न्हाई गड्यानं. डबा पार पुसून खाल्ला."

वैनी हसल्या. पदरानं डोळे पुसले आणि परत हसल्या. "शेंगाची त्यास्नी चालायची न्हाई, जमिनीखालची म्हणून. मुद्दाम कारळं भाजून दिलं हुतं."

शालननं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी पुढचं सांगितलं, कारण ते सांगायला मीच उरलो आहे. भूपाल दिवस असताना जेवायचा, म्हणून सगळा सेक्शन रात्री ताट घेऊन बसला की पोस्टवर रायफल घेऊन तो उभा राहायचा. ड्युटी कुणाचीही असो. "माझं झालंय, तुमी सावकाश जेवा," एवढंच म्हणायचा. त्याच्यामुळं आम्ही कधी गडबडीत जेवलो नाही. आंधी आली तेव्हा गाडीत मी डबा उघडून बसलो होतो. उतरताना त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "माझं झालंय. तू जेव."

"असंच म्हणायचे घरीबी," वैनी म्हणाल्या.

त्यांनी सूर्याकडं बघितलं. कड वाळूला टेकायची होती अजून. ताटात भाकरी संपली होती. त्यांनी हात पुढं केला, टोपल्यातली अर्धी भाकरी घेतली आणि शालनला म्हणाल्या, "पिठलं वाढ गं थोडं."