बॅक्स्टरांचा कुलवृत्तांत

आमच्या आडनावाचं एक पुस्तक आहे. म्हणजे माझ्या सासरच्या आडनावाचं. मी त्यात लग्नाने आले. कुलवृत्तांत म्हणतात त्याला. उशाला घेतलं तर मान अवघडेल इतकं जाड. मूळ पुरुष कोण, मूळ गाव कोणतं, कुलदैवत कुठलं, तिथून कोणती शाखा कुठे गेली, कोणती मुलगी कोणत्या घरी दिली, कोण पोस्टात लागला आणि कोण घर सोडून बैरागी झाला, सगळं ओळीने. त्या आडनावाचा माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असो, त्याला गाठून पुस्तकात बसवायचं, हा या मंडळींचा हट्ट. काही वर्षांनी नवी आवृत्ती निघते, आणि या खेपेला जबलपूरची माहिती गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पडलं म्हणजे मीच ओढून घेतलं. शाळेतून निवृत्त झाले होते आणि लोकांना प्रश्न विचारायची सवय सुटत नव्हती. स्कूटरच्या हुकाला फॉर्मांची पिशवी अडकवायची आणि निघायचं. सराफ्यात दुकानाच्या वर राहणारं एक घर, कुंडमला बदली झालेला एक शाळामास्तर, असे आमच्या आडनावाचे सगळे मी शोधून काढले. काही घरांत मुलांना मराठी समजतं पण बोलता येत नाही. त्यांचे फॉर्म मीच हिंदीत विचारून मराठीत भरले. आमचे हे म्हणायचे, "काहून एवढी धावून राहिली? जनगणना करायला सरकार आहे ना." मी लक्ष दिलं नाही. मला या कामाचा गर्व चढला होता, हे आता कबूल करते.

आम्ही राहतो नेपियर टाउनमध्ये, आणि आमच्या मागच्या दोन खोल्यांत एक अँग्लो-इंडियन गृहस्थ राहतात. वय ऐंशीच्या पुढे. नोकरी सगळी तारघरात झाली. दुसऱ्यांच्या घरची जन्ममरणं, बदल्या आणि लग्नं त्यांनी आयुष्यभर टकटक करत पुढे पाठवली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. मी त्यांना अंकल म्हणते आणि ते मला दीदी म्हणतात. हे नात्याने कसं बसतं ते कोणी विचारत नाही. या लेखात मी कोणाचंच नाव सांगणार नाही, पण त्यांचं आडनाव सांगावंच लागेल, कारण ही गोष्ट त्या आडनावाचीच आहे. बॅक्स्टर.

थंडीतल्या एका सकाळी मी ओट्यावर उन्हात फॉर्म पसरून बसले होते. अंकल पेपर परत द्यायला आले आणि जाड पुस्तक पाहून थांबले. त्यांना देवनागरी चांगली वाचता येते. चार पानं उलटून त्यांनी विचारलं, "ये सब एक ही खानदान के हैं?"

"सगळे. एकाच माणसापासून."

"और सब का पता मालूम है?"

"नसला तर काढतो आम्ही."

ते खाली बसले. कितीतरी वेळ वंशावळीच्या रेघांवरून बोट फिरवत राहिले. मग त्यांच्या त्या हिंदीत बुडवलेल्या मराठीत म्हणाले, "दीदी, माझा पण असा पुस्तक असेल का? जबलपूरमध्ये मी शेवटचा बॅक्स्टर आहे. बाहेर कोई है कि नहीं, मालूम नहीं. जाने से पहले एक आदमी मिल जाए, अपना. बस."

हे त्यांनी किती वाजले विचारावं तसं विचारलं. मला मात्र गलबलून आलं, आणि गलबललं की मी आधी बोलते, मग विचार करते. म्हटलं, "असेल, काहून नाही असणार? मी काढून देते."

लगेच एक कोरा फॉर्म घेतला. मूळ पुरुष? माहीत नाही. मूळ गाव? आजोबा पलटणीबरोबर आले, स्कॉटलंडहून, एवढंच वडील सांगत. गावाचं नाव वडिलांनी विचारलं नाही आणि आजोबांनी सांगितलं नाही. गोत्र? "छोड़ दो." कुलदैवत? अंकल बराच वेळ गंभीरपणे विचार करत राहिले आणि म्हणाले, "हॉकी लिखो." मी लिहिलं.

फॉर्मवर पत्ता लिहिताना ते म्हणाले, "ये नेपियर भी उधर का ही सरनेम है, दीदी. स्कॉटलंड का." मी पेन थांबवलं. लग्न होऊन आल्यापासून हा शब्द मी किती पाकिटांवर लिहिला असेल. ते कोणाचं तरी आडनाव असेल हे डोक्यातही आलं नव्हतं. रस्त्याकडे पाहिलं. कोचिंग क्लासच्या पाट्या, दवाखान्यापुढे उभ्या ऑटो, आणि हे सगळं कुठल्या तरी परक्या घराण्याच्या नावाखाली रोज सुखाने चाललेलं. मला उगीच आपला पदर नीट करावासा वाटला.

आडनावं कुठे किती पसरली आहेत हे नकाशावर दाखवणाऱ्या साइट असतात, हे मला कुलवृत्तांताच्या कामातूनच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी अंकलना लॅपटॉपसमोर बसवलं आणि त्यांचं आडनाव टाकलं. आधी स्कॉटलंडचा पूर्व किनारा गडद झाला. मग खाली इंग्लंड. मग समुद्र ओलांडून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, आणि ज्यांचा आकार भाताच्या शितांएवढा ती कॅरिबियन बेटं. मी आमचं आडनाव याच साइटवर पाहिलं होतं. महाराष्ट्रात एक ठिपका, आमच्याकडे एक, आणि मुलं नोकरीला गेली तिथे चार. इथे अर्धी पृथ्वी रंगली होती.

अंकलनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. नकाशा तसाच होता. "इतने?" ते म्हणाले.   एक माणूस इतकी वर्षं स्वतःला शेवटचा समजत आपल्या दोन खोल्यांत चहा करून पीत होता, आणि तेवढ्या वेळात एवढे बॅक्स्टर सकाळी उठून कामाला जात होते.  त्यांच्या चहाचं पार पाणी झालं तरी आम्ही दोघं ते रंग बघत बसलो होतो.

पुढचं काम माझ्या हातचं होतं. एकेका आडनावाचा शोध घेणाऱ्या लोकांचे इंटरनेटवर अड्डे असतात. तिथून पत्ते मिळवले आणि आमच्या कुलवृत्तांताच्या पद्धतीने पत्र तयार केलं. आपण सर्व एकाच मूळ पुरुषाचे वंशज आहोत, सबब सोबतचा फॉर्म भरून पाठवावा, अशी सुरुवात. त्याचं मी इंग्रजी केलं. मूळ गाव, कुलदैवत, घरातल्या सुनांची माहेरची आडनावं, काही म्हणजे काही सोडलं नाही. अंकलनी पान वाचलं, खिशातून पेन्सिल काढली आणि तारघरातल्या सवयीने छाटायला लागले. शेवटी एकच ओळ राहिली: जबलपूरचा बॅक्स्टर आपली माणसं शोधतो, कळवा. आमचं थोडं वाजलं. मी म्हटलं, एवढ्याशा ओळीला कोण उत्तर देईल? ते म्हणाले, एवढ्या लांब चिठ्ठीला कोण देईल? मग वर त्यांची ओळ आणि खाली माझं पत्र फॉर्मासकट, अशी तडजोड झाली.

उत्तरं येऊ लागली आणि मी हरखून गेले. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला मेंढ्या पाळणाऱ्या एका बाईंनी पाच पिढ्यांचे फोटो पाठवले. कॅनडातल्या एका नर्सने लिहिलं की ड्यूटी संपवून आल्यावर तुमची ती ओळ वाचली आणि घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. प्रत्येक पत्राचं मी प्रिंट काढायचे, अंकल ते दोनदा वाचायचे आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवायचे. खिसा फुगत चालला. त्यांनी दाढी रोज करायला सुरुवात केली, हे आमच्या यांच्याही लक्षात आलं.

मग जमैकाच्या एका बस ड्रायव्हरचं पत्र आलं. हे आडनाव आमच्या पूर्वजांना त्यांच्या मालकामुळे मिळालं, असं त्याने लिहिलं होतं. मालक स्कॉटलंडचा होता, आम्ही त्याचे गुलाम होतो. तुम्ही मूळ गाव विचारलं आहे. ते आम्हाला माहीत नाही, आफ्रिकेत कुठेतरी. आजवर कोणी विचारलं नव्हतं, म्हणून आभार. हे पत्र मी ओट्यावर उभ्या उभ्या वाचलं आणि मग बसले. मूळ गाव कोणतं, हा प्रश्न मी आजवर दारोदार विचारला होता, कोणी अडखळलं तर त्याला दटावलंही होतं. त्या प्रश्नाची मला पहिल्यांदा लाज वाटली.

शेवटचं पत्र स्कॉटलंडमधल्या एका निवृत्त शिक्षिकेचं. माझ्यासारखीच असावी, तिने माझा फॉर्म तपासून परत पाठवला होता. त्या ओळीखालचं पहिलंच वाक्य चूक आहे, असं स्वच्छ लिहिलं होतं. बॅक्स्टर हे एका घराण्याचं नाव नाही, कामाचं आहे. जुन्या बोलीत पाव भाजणाऱ्या बाईला हा शब्द होता, पुढे पुरुषालाही तोच लागला. ज्या ज्या गावात भट्टी होती, त्या त्या गावात एक बॅक्स्टर झाला. कोणी एक मूळ पुरुष नाही, एक मूळ गाव नाही. आपण बहुतेक कोणीच एकमेकांचे कोणी लागत नाही.

खरं सांगते, आधी मला आनंद झाला. लग्नात माझं नाव तांदळात अंगठीने लिहून बदललं होतं, आणि इथे कुठल्या तरी पिठाच्या हातांच्या बायकांच्या कामावरून अर्ध्या जगाला नाव मिळालं होतं. किती भट्ट्या पेटल्या असतील, किती गावांतून, एकमेकींना न ओळखता. आणि मग माझी चूक माझ्या लक्षात आली. एका आडनावाचे सगळे एका माणसाचे, हे आमच्या पुस्तकाचं गणित मी साऱ्या जगाला लावलं होतं. त्याच्या भरवशावर एका ऐंशीच्या पुढच्या माणसाला शब्द दिला होता.

पत्र लपवावंसं वाटलं. दोन दिवस लपवलंही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "स्कॉटलंड से कुछ आया?" मी पत्र त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते एकदाच वाचलं. घडी घातली, पण खिशात ठेवलं नाही. "तो मेरा कोई नहीं," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

 मी म्हटलं, "चुकलं माझं, अंकल. मी उगाच तुम्हाला या भानगडीत पाडलं."

त्यांनी मान हलवली आणि ओट्यावरचं ते जाड पुस्तक जवळ ओढलं. काहीतरी बोलायचं म्हणून असेल, विचारलं, "आपका घर कौन से पन्ने पर है?"

हा प्रश्न मला कोणी विचारू नये अशीच माझी इच्छा असते. पण त्या दिवशी त्यांच्याशी लपवाछपवी करायची माझी छाती नव्हती. मी पुस्तकाची शेवटची पानं उघडली. वर मथळा आहे: दुवा न जुळलेली घराणी. आमचं घराणं भोसल्यांच्या चाकरीत नागपुराहून इकडे आलं. असं सांगतात, पण पणजेसासऱ्यांच्या आधीचा कागद कोणाकडेच नाही. त्यांचं नाव पानावर सगळ्यात वर आहे, आणि त्याच्या डोक्यावर रेघच नाही. सगळ्या शहराचे दुवे जुळवत फिरणाऱ्या बाईचं घर हे असं अधांतरी.

अंकलनी मथळा मोठ्याने वाचला. मग मला विचारलं, "ये लोग आपको बुलाते हैं? इनके फंक्शन में?"

"संमेलनाला? बोलावतात ना. दर वेळी."

"बिना प्रूफ के?"

"प्रूफ कोण मागतो, अंकल? आडनाव सांगितलं की पान वाढतात. मागच्या वेळी जिलबीचा इतका आग्रह करून राहिले होते की यांचं पोट बिघडलं."

 अंकलनी खिशातून पेन्सिल काढली, त्या शिक्षिकेच्या पाकिटावर काहीतरी लिहिलं, एक शब्द खोडला आणि माझ्यापुढे धरलं. "सबको भेजो," म्हणाले. इंग्रजीत होतं. दुवा जुळला नाही. तरी या. जेवण तयार असेल.

या खेपेला मी एकही शब्द घातला नाही. फॉर्मही जोडला नाही. मेंढ्यावाल्या बाईंना, नर्सला, बस ड्रायव्हरला, त्या शिक्षिकेला, सगळ्यांना तेवढंच पाठवलं. पहिलं उत्तर जमैकाहून आलं. पुढच्या हिवाळ्यात सुट्टी मिळेल, बायकोलाही आणलं तर चालेल का, असं त्याने विचारलं होतं.

मी ते अंकलना वाचून दाखवलं. ते उठले, आपल्या दोन खोल्यांकडे निघाले, घराच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. चेहरा काळजीत होता. म्हणाले, "दीदी, तुमच्याकडे गाद्या किती आहेत?"

 मी आत गेले आणि माळ्यावरच्या गाद्या मोजायला लागले.